'पोट मऊ' लिहिलंत, पण किती वाजता?

गाडीच्या अपघातातला पेशंट आला की सर्जरीत नव्याने रुजू झालेल्यांचे हात थेट पोटाकडे जातात. पोटाची पाळी श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण यांच्यानंतर. दोन जाड आयव्ही लाईन (शिरेतल्या नळ्या) आणि क्रॉसमॅचचा, म्हणजे द्यायचं रक्त जुळवून बघण्यासाठीचा, नमुना हातासरशी उरकावा. रक्तस्रावाचा संशय असेल तर अपघातापासून 3 तासांच्या आत ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) 1 ग्रॅम. सलाइनच्या बाटल्या ओतत बसण्यापेक्षा रक्त लवकर मागवा.

पहिल्या हिमोग्लोबिनवर मी विसंबत नाही. ताज्या रक्तस्रावात उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं, त्यामुळे आकडा छान येतो. बीपीही फसवतं. तरुण पेशंट बरंच रक्त जाईपर्यंत ते टिकवून धरतो, आधी पल्स वाढते. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर तीही फारशी वाढत नाही, म्हणून नातेवाइकांना औषधं विचाराच.

फास्ट सोनोग्राफीला (अपघातातल्या पेशंटची पलंगापाशीच झटपट करायची सोनोग्राफी) एकच प्रश्न विचारायचा असतो: पोटात किंवा हृदयाभोवती द्रव साचलाय का? पोटात साचलाय आणि बीपी सावरत नाही, तर थेट थिएटर. असा पेशंट सीटीला न्यायचा नाही, मग वरिष्ठ कितीही 'एक स्कॅन करून घेऊ' म्हणोत. फास्ट निगेटिव्ह आली म्हणून हुश्श करू नका; फाटलेलं आतडं किंवा पोटामागचा रक्तस्राव तिच्यातून सहज निसटतो. पेशंट स्थिर असेल तर कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला सीटी स्कॅन) करा.

पोटावर सीटबेल्टचा आडवा वळ दिसला तर आतडं, मेसेंटरी (आतड्याला रक्त पोचवणारा पडदा) आणि कमरेचे मणके, तिन्हींवर संशय घ्या. आतड्याची इजा सुरुवातीच्या सीटीत दिसेलच असं नाही. तिथे कामी येतं ते पुन्हा पुन्हा पोट तपासणं, आणि शक्यतो त्याच माणसाने. रात्री तीन वाजता नुसती 'पोट मऊ' (दाबल्यावर कडक लागत नाही) एवढी नोंद वाचून काहीच कळत नाही. वेळ, पल्स, दुखण्याची जागा लिहा. ड्युटी बदलताना पुढच्याला पलंगापाशी नेऊन दोघांनी मिळून पोट बघा.

प्लीहा फाटली म्हणजे ऑपरेशनच, असंही नाही. पेशंट स्थिर असेल तर बरेचदा नुसत्या निरीक्षणावर भागतं. काढावी लागलीच, तर पुढे जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंच्या लसी डिस्चार्ज कार्डावर लिहायला विसरू नका. ताप आला तर लगेच यायचं, हेही घरच्यांना बजावून सांगा.