थीम बदलताना: कोणते सॉफ्टवेअर कुणाचे ऐकते?

लिनक्स मिंट या संगणक प्रणालीवर गडद थीम (रंगरूपाचा तयार संच) लावली, फाइल मॅनेजर काळा झाला, सेटिंग्जची खिडकी काळी झाली, आणि एखादे सॉफ्टवेअर मात्र पांढरेफटक तसेच राहिले, असे हमखास होते. नवख्याला वाटते, काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. बटण, मेनू, स्क्रोलची पट्टी कशी दिसावी हे बहुतेक सॉफ्टवेअर स्वतः ठरवत नाही. ते काम टूलकिट नावाच्या तयार संचाकडे असते. लिनक्सवर असे दोन मोठे संच आहेत, जीटीके आणि क्यूटी. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवरची (पडदा, पट्टी, मेनू सांभाळणाऱ्या भागावरची) थीम मुख्यतः जीटीकेसाठी लिहिलेली असते. क्यूटीवरच्या सॉफ्टवेअरला ती जशीच्या तशी समजत नाही. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचे सॉफ्टवेअर तर आपली सगळी खिडकी स्वतःच रंगवते.

हे एकदा कळले की पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत.

पायरी १. आधी सध्याची मांडणी टिपून ठेवा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘थीम्स’ उघडा. मिंट २१.२ पासून तिथे आधी फक्त स्टाइल, रंग आणि फिकट-गडद एवढेच पर्याय दिसतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ दाबले की माउस पॉइंटर, अ‍ॅप्लिकेशन्स, आयकॉन्स आणि डेस्कटॉप हे भाग सुटे होतात. या पानाचा स्क्रीनशॉट काढा. नंतर परत फिरायचे झाले तर तोच कामी येतो.

पायरी २. एका वेळी एकच भाग बदला. ‘डेस्कटॉप’ म्हणजे खालची पट्टी आणि मेनू. ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ म्हणजे खिडकीच्या आतले सारे. चारही एकदम बदलले आणि काही खटकले, तर दोष कुणाचा ते शोधत बसावे लागते. उघडी असलेली सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. काहींना नवा रंग त्यानंतरच चढतो.

पायरी ३. रोजची सॉफ्टवेअर एकेक करून तपासा. माझ्या मते खरे काम हेच, म्हणून इथे घाई करू नका.

लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू थीमप्रमाणे गडद होतात, पण वरची चिन्हे त्याच्या स्वतःच्या आयकॉन थीममधून येतात. गडद पट्टीवर गडद चिन्हे दिसेनाशी झाली, तर ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन आयकॉन थीमची गडद जोडी निवडा, आवृत्तीनुसार ती ‘व्ह्यू’ किंवा ‘अपिअरन्स’ पानावर सापडते. आणखी एक जागा सांभाळायची आहे. अक्षरांचा रंग ‘ऑटोमॅटिक’ असेल तर कागद काळा झाल्यावर अक्षरे आपोआप पांढरी दिसतात. वेबवरून चिकटवलेल्या मजकुराला मात्र पुष्कळदा पक्का काळा रंग असतो, आणि काळ्यावर काळे वाचणार कसे? तो मजकूर निवडून रंग ‘ऑटोमॅटिक’ करा.

फायरफॉक्स डेस्कटॉपचा फिकट-गडद कल वेबसाइटलाही कळवतो. साइट फिकटच हव्या असतील तर ‘जनरल’ सेटिंग्जमध्ये ‘वेबसाइट अपिअरन्स’ फिकट करा. गिंप आणि क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या थीम त्यांच्याच सेटिंग्जमध्ये आहेत. चित्राचे रंग जोखताना सभोवती तटस्थ करडा रंग असलेला बरा, म्हणून तिथे डेस्कटॉपशी जुळवण्याचा हट्ट धरू नका.

ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपची नवी अ‍ॅप्स हा वेगळा विषय. ती जीटीकेवर उभा असलेला लिबअद्वैता नावाचा संच वापरतात आणि बाहेरची जीटीके थीम मुळात स्वीकारत नाहीत. फिकट की गडद एवढे मात्र ऐकतात. मिंट २२.२ मध्ये मिंटने त्यात बदल करून आपल्या थीम तिथेही लागू केल्या. नावात आपले संस्कृतमधले ‘अद्वैत’च आहे. ही अ‍ॅप्स थीम मानत नाहीत म्हणूनच २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ने कॅल्क्युलेटर, कॅलेंडर अशा काही अ‍ॅप्सच्या जुन्या, जीटीके ३ वरच्या आवृत्त्या ठेवल्या. थीम निवडण्याचा वापरकर्त्याचा हक्क त्यांनी जपला, हे मला फार मोलाचे वाटते.

पायरी ४. मराठी अक्षरे पाहा. एका फोल्डरला ‘कीर्तीची दृष्टी’ असे नाव द्या आणि खिडकीचे शीर्षक, बाजूची यादी, खालची पट्टी अशा तिन्ही ठिकाणी वाचा. वेलांटी, रफार वर कापले जातात का? खालचा ऋकार बुडतो का? मिंटच्या नेहमीच्या उबुंटू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरे दुसऱ्याच फॉन्टमधून येतात आणि पट्ट्या अरुंद असलेल्या थीममध्ये अडचण उघड होते. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवून पाहा, किंवा ‘फॉन्ट सिलेक्शन’मध्ये टेक्स्ट स्केलिंग (अक्षरांचा आकार) १.० वरून १.१ करा. फिकट करड्या अक्षरांच्या थीममध्ये मात्रा आधी पुसट होतात. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) असावा, असे वेबसाठीचा सुगम्यतेचा निकष सांगतो, थीम निवडतानाही तोच धरावा.

पायरी ५. क्वचित दिसणाऱ्या जागा मुद्दाम उघडा. ‘सेव्ह अ‍ॅज’ची खिडकी, निष्क्रिय बटण, यादीतली निवडलेली ओळ. एकदा मी उतरवलेल्या एका देखण्या थीममध्ये निवडलेली फाइल आणि न निवडलेली फाइल यांत जवळपास फरकच दिसत नव्हता, आणि मी भलतीच फाइल पुसून बसलो. तेव्हापासून ही ओळ मी सगळ्यांत आधी बघतो.

सिनॅप्टिकसारखे (सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याचे) पासवर्ड मागून उघडणारे सॉफ्टवेअर जुन्याच रूपात आले, तर थीम फक्त तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे असे समजा. प्रशासकाच्या नावाने चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ती तिथे सापडत नाही. तिथेही तेच रूप हवे असेल तर मिंटसोबत आलेल्या, सगळ्यांसाठी बसवलेल्या थीमपैकीच एखादी निवडा.