डोळे भरून येतील इतका वेळ

चित्र पाहताना किंवा गाणं ऐकताना येणारं रडू ठरवून आणता येत नाही, त्याची वाट मोकळी करता येते. बहुतेकांचं घोडं वेळेपाशी अडतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक चित्रांपुढे किती थांबतात ते मोजलं, तेव्हा निम्म्या वेळा मंडळी १७ सेकंदांच्या आत पुढे सरकलेली आढळली.

एका फेरीत एकच चित्र घ्या आणि त्याला वीस मिनिटं द्या. बाजूची पाटी शेवटी वाचा. आधी वाचली की नजर तिच्यातलंच शोधत बसते. पहिली पाच मिनिटं लांबून, मग जवळ. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको आपली अवाढव्य चित्रं दीड फुटावरून पाहायला सांगायचा, कारण तिथून कडा नजरेबाहेर जातात आणि नुसता रंग उरतो. (अर्थात पहारेकरी काय म्हणतो तेही बघा.) मध्येच कंटाळा येतोच, आणि नेमके तेव्हाच लोक निघतात. निघू नका. एखादी वळलेली मूठ, पदराची चुणी, रंगाचा ओघळ पकडा आणि तिथेच रेंगाळा.

गाण्याचं वेगळं. संगीताचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१मध्ये श्रोत्यांना कुठे रडू येतं त्या जागा विचारल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सुरावट खाली साथीला एकत्र वाजणाऱ्या सुरांशी न जुळणाऱ्या सुरावर क्षणभर अडते आणि मग शेजारच्या जुळणाऱ्या सुरावर अलगद उतरते. ताण आणि सुटका. हा ताण आधीपासून साठत आलेला असतो, म्हणून थेट 'ती' जागा काढून ऐकली तर कोरडेच राहाल. सुरुवातीपासून, हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. रोज दहादा मात्र लावू नका, जागा बोथट होते.

'आता येईल, आता येईल' म्हणत स्वतःवर पाळत ठेवलीत की संपलं. फोटो काढणंही त्यातलंच.

घसा दाटतो, कारण जास्त हवेसाठी स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते आणि गिळताना ती मिटावी लागते. तेव्हा आवंढे गिळू नका, तोंडाने सावकाश श्वास सोडा. अश्रू नाकातही उतरतात, रुमाल हवाच. डोळे चोळू नका, टिपा.

१८१७मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना फ्रेंच लेखक स्तांधालची छाती धडधडू लागली, चालताना पडेन की काय असं त्याला वाटलं. असं गरगरलं तर खाली बसा, नजर जमिनीवर ठेवा, पाणी प्या. उपाशीपोटी, मान वर करून तासभर उभं राहिल्यानेही असंच होतं, तेव्हा आधी काहीतरी खा. पुढचं दालन उद्या.