वेबसाइटवरचा मजकूर चोरलाय? फोन लावण्याआधीची तयारी

समोरच्याच्या वेबसाइटवर आपलीच वाक्यं आपल्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट दिसली की हात आधी फोनकडे जातो. जाऊ देऊ नका. गेल्या वेळी नेमकं तेच झालं. फोन आधी, पुरावा मागाहून. संध्याकाळपर्यंत त्याचं पान बदललेलं होतं आणि "कुठं आहे कॉपी? दाखवा ना भाऊ" याला उत्तर उरलं नाही. म्हणून खालची निम्मी यादी पुराव्याचीच आहे. कंटाळा आला तरी वाचा, पुढचं बाकीचं वकीलही करून देतो.

सुरुवात पत्त्यांपासून. एका एक्सेल शीटमध्ये डावीकडे आपल्या पानाचा पूर्ण पत्ता, शेजारी त्याच्या पानाचा, मग कोणता परिच्छेद किंवा फोटो, आणि शेवटी पाहिल्याची तारीख-वेळ. होमपेजचा पत्ता लिहून चालत नाही, जिथं चोरी आहे त्या पानाचाच हवा. पुढे गूगल, होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते तो), वकील सगळे हेच मागतात. एक पान सापडलं म्हणजे एकच चोरलंय असं नसतं. आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या पानातलं आठ-दहा शब्दांचं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. वाक्य जरा विक्षिप्त निवडा. "नागपूरमधील विश्वासार्ह सेवा" शोधून काय मिळणार, ते तर सीताबर्डीपासून बुटीबोरीपर्यंत सगळेच लिहितात. मराठी पानाचं कोणी हिंदी किंवा इंग्रजी करून टाकलं असेल तर या शोधात सापडत नाही, ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो, त्यामुळे "आम्ही तर इंग्रजीत लिहिलं" ही सबब नाही.

आता स्क्रीनशॉट. नुसता मोबाइलवर काढलेला अर्धा-मुर्धा नको. फायरफॉक्समध्ये पानावर उजवं क्लिक केलं की पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेता येतो, पण त्यात वरची पत्त्याची पट्टी येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून पूर्ण पडदा घ्या, ज्यात पत्ता आणि खाली कोपऱ्यातलं घड्याळ दोन्ही दिसतील. मग प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ काढा. तिथं हेडर-फूटरची खूण चालू ठेवली तर पानावर पत्ता आणि तारीख आपोआप छापली जाते. ही खूण बंद राहिली तर पीडीएफचा अर्धा उपयोग गेला. मोबाइलवर साइट वेगळी दिसत असेल तर तिथलंही घ्या. शेवटी पत्ता टाइप करण्यापासून पानाच्या तळापर्यंत एक सलग स्क्रीन रेकॉर्डिंग.

त्यानंतर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचं पान जतन करा. "सेव्ह पेज नाऊ" मध्ये पत्ता टाकायचा, काही मिनिटांत काम होतं. जतन झालेल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडी तारीख-वेळ असते, ती ग्रीनविचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दोनला केलंत तर तारीख आदल्या दिवसाची दिसेल, घाबरू नका, पण शीटमध्ये नोंद ठेवा. गूगल पूर्वी पानाची साठवलेली जुनी प्रत दाखवायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे पान एकदा बदललं की तिकडून काही मिळत नाही. आणि वेबॅकवरही पूर्ण भिस्त नको, साइटचा मालक विनंती करून आपली पानं तिथून काढायला लावू शकतो. स्वतःकडची प्रत हवीच.

सोर्स कोड, म्हणजे पानामागचा मूळ कोड, विसरू नका, यात सोनं असतं. कंट्रोल आणि यू दाबा, आलेलं सगळं फाइल म्हणून साठवा आणि त्यात आपलं डोमेन, आपला फोन नंबर, आपला ईमेल शोधा. घाईत उचललेल्या साइटमध्ये आपल्याच सर्व्हरवरच्या फोटोंचे पत्ते राहून जातात, कधी आपला ॲनालिटिक्सचा क्रमांकही. एचटीट्रॅक नावाच्या सॉफ्टवेअरने आख्खी साइट उतरवली असेल तर कोडमध्ये ती कोणत्या साइटवरून, कोणत्या तारखेला उतरवली याची टीप तशीच पडलेली असते. असं काही सापडलं तर वाद तिथंच संपतो. पण सापडल्याच्या आनंदात फोन लावाल तर तासाभरात ते पुसलेलं असेल. पुरावा आधी, फोन नंतर.

फाइली साठवण्याचीही एक पद्धत आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ समजू नका, तिथं चित्र दाबलं जातं आणि आतली माहिती निघून जाते. मूळ फाइली एका फोल्डरमध्ये, त्याची एक नक्कल पेनड्राइव्हवर. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटांच्या ठशासारखा अक्षर-आकड्यांचा लांब क्रमांक, काढून शीटमध्ये लिहा, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्येच तो निघतो. मग ती फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, एक ठिपका बदलला तरी हॅश बदलतो. हे कशाला? १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं त्यात हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपला, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा "माझ्या मोबाइलमध्ये आहे ना फोटो" एवढ्यावर राहू नका.

इथवर झालं का? नसेल तर फोन अजूनही खालीच ठेवा.

आता आपलं घर तपासा, कारण इथंच लोक तोंडावर आपटतात. मजकूर लिहिला कोणी? पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिला असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालकी तुमची. बाहेरच्या लेखकाला पैसे देऊन लिहून घेतला असेल तर नुसत्या बिलाने मालकी येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गंमत म्हणजे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं उलटं आहे, वेगळा करार नसेल तर मालक तुम्ही. त्यामुळे कधी कधी मजकुरापेक्षा फोटोंवरून दावा सोपा जातो. लेखकाकडून आजच कागद करून घ्या, तो नागपूर सोडून पुण्याला गेला की मेलला उत्तर येत नाही.

तुमच्या लेखकाने तो मजकूर स्वतः दुसरीकडून उचलला नव्हता ना, हेही त्याच अवतरणचिन्हांच्या शोधाने पाहा. आपण आधी लिहिलं हे दाखवायला वर्डप्रेसवरची तारीख पुरत नाही, ती कोणीही बदलू शकतो. लेखकाने मसुदा पाठवल्याचे मेल, होस्टिंगचे जुने बॅकअप आणि वेबॅकवरची आपल्या साइटची जुनी प्रत जास्त कामाची.

कशावर हक्क नाही तेही कळून घ्या. समजा तुमची नागपूरहून ताडोबा-पेंच सहलींची साइट आहे. ताडोबा मंगळवारी बंद असतो, मोहर्ली गेटने आत जाता येतं, गाडीचा दर अमुक, ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. ती सांगण्याची तुमची वाक्यं, मांडणी, निवडलेला क्रम आणि फोटो तुमचे. "त्यानं माझी आयडिया चोरली" एवढ्यावर कोणी उभं करत नाही. नाव किंवा लोगो चोरला असेल तर तो ट्रेडमार्कचा विषय, वेगळी फाइल.

नोंदणी बंधनकारक नाही, कॉपीराइट लिहिल्याबरोबर मिळतो. तरी मुख्य पानांची करून ठेवा. फॉर्म चौदा, साहित्यकृतीला ५०० रुपये, ऑनलाइन भरता येतो, डायरी क्रमांक मिळाल्यावर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावं लागतं. कोर्टात नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो.

आता फोन. पुरावा झाला असेल तरच, हो, पुन्हा विचारतोय, झाला का? त्याच्या साइटच्या तळाशी कोणी बनवली ते पाहा. दोघांचा वेबसाइटवाला एकच निघणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि त्याने तुमचाच मजकूर तिकडे चिकटवलेला असतो. दुकानदाराला पत्ताही नसतो की आपल्या नावावर काय कॉपी होऊन राहिलं. अशा वेळी शांत फोन पुरतो. पण बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल टाका: कोणती पानं, किती दिवसांत काढणार. तोंडी कबुली हवेत जाते. धंद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर" म्हणून त्याचं नाव टाकू नका, अब्रुनुकसानीचा डाव उलटतो. पोलिसांची आणि तुरुंगाची धमकीही नको, बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली तोच कोर्टात जाऊ शकतो.

गूगलवर तक्रार: कॉपीराइटचा कायदेशीर फॉर्म, तिथं वेब शोध निवडा, एका ओळीत एक पत्ता. याने पान गूगलच्या निकालांतून जातं, साइटवरून नाही. तुमची तक्रार ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाऊ शकते, समोरच्याला उलट नोटीसही देता येते. खोटी तक्रार अंगाशी येते.

होस्टिंग: हूइजवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या शोधावर, डोमेनची तारीख आणि रजिस्ट्रार (जिथं डोमेन नोंदवलं ती कंपनी) दिसतो. होस्ट दिसत नसेल आणि मध्ये क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून खरा होस्ट झाकणारी सेवा) असेल तर त्यांच्या गैरवापर फॉर्मवर तक्रार करा, ती होस्टकडे जाते. भारतातल्या मध्यस्थाला, म्हणजे होस्टिंगवाल्यासारख्या सेवेला, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(सी) खाली आणि कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार. छत्तीस तासांत त्याने प्रवेश थांबवायचा असतो, मात्र फक्त एकवीस दिवसांसाठी. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर पान पुन्हा उघडू शकतं.

नोटीस वकिलाकडून, पंधरा दिवसांची मुदत, सोबत ती एक्सेल शीट. जुनं रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती मागा, प्रत मेलवरही.

कोर्ट: तुमचा धंदा नागपुरात असेल तर कलम ६२ मुळे दावा सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी रायपूरचा असला तरी. तातडीचा मनाईहुकूम मागत नसाल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी लागते. मुदत तीन वर्षं. फौजदारीसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, आणि २०२२ च्या निकालानंतर गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवायही कारवाई करू शकतात. ठाण्यात जाताना पेनड्राइव्ह, छापील शीट आणि मालकीचे कागद घेऊन जा.

पान निघालं की निघालेलंही स्क्रीनशॉटमध्ये घ्या, तारखेसकट. महिन्याने तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर येतो का ते पाहा, आणि आला तर पहिल्या परिच्छेदापासून पुन्हा. फोन नंतर.