पियानो ट्युनिंगची बॅग घेताना

दिसायला भारी म्हणून लेदरची बॅग घेऊ नका, कोल्हापूरचा जुलै-ऑगस्टचा पाऊस तिला सोसत नाही, बुरशी येते, आणि ओल्या बॅगेत ट्युनिंग लिव्हरला, म्हणजे तारांच्या खुंट्या फिरवायच्या पान्याला, गंज धरतो तो वेगळाच. जाड कॅनव्हासची, तळ कडक असलेली, तोंड पूर्ण उघडणारी बघा, म्हणजे खाली बसून काम करताना हात थेट हत्यारावर जातो. स्कूटरवर पायाजवळ मावते का ते आधी मोजा, राजारामपुरीतनं कसबा बावड्याला जायचं तर खांद्यावर वजन नको. बाजूच्या तारा गप्प ठेवायचे रबरी म्यूट आणि फेल्टची पट्टी वेगळ्या कप्प्यात, सूर जुळवायचा ४४० हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क कापडात गुंडाळून. आणि बॅग पियानोवर कधीच ठेवायची नाही, पॉलिशवर ओरखडा उठला की उठला.