गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ कसं द्यावं

मासा जरा मलूल दिसला की लगेच कोणीतरी सांगतं, 'चमचाभर मीठ टाक.' चमचा केवढा, टाकीत पाणी किती आणि ते मीठ परत काढायचं कधी, हे कोणीच सांगत नाही. 'टाकीत कायम थोडं मीठ असू द्यावं' म्हणणारे तर आणखी वाईट.

आधी मीठ नेमकं करतं काय, ते बघू. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं. ढोबळमानाने लीटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घातल्यावर येईल तितकं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि मीठ बाहेर निसटतं. म्हणून हा मासा पाणी जवळपास पीतच नाही, पातळ लघवी मात्र भरपूर करतो, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातलं सोडियम नि क्लोराइड, म्हणजे मिठाचेच दोन घटक, ओढून आत घेतात. (समुद्रातल्या माशाचं सगळं उलटं. तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तो पाणी पितो हे होमर स्मिथ यांनी 1930 साली दाखवलं.) मासा जाळीत खरचटला, खवले उडाले किंवा प्रवासात घाबरला की ही गळती वाढते. पाण्यात थोडं मीठ असलं तर गळती कमी होते, माशाची दमछाक वाचते. शिवाय नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारं विष) वाढलेलं असेल तर ते क्लोराइडच्याच वाटेने कल्ल्यांत शिरतं, आणि भरपूर क्लोराइड असलं की त्याला वाट मिळत नाही. तरीही पाणी बदलावं लागतंच. पोटातले जंत किंवा आतला आजार एवढ्याशा मिठाने बरा होत नाही.

टाकीतलं पाणी लीटरमध्ये मोजा. काचेच्या मापांवरून हिशोब केलात तर खडी-दगडांची जागा वजा करा.

साधं मीठ घ्या. आयोडीनचा बाऊ नको. लीटरला 2 ग्रॅम, तेही काट्यावर तोलून. बारीक आणि जाड्या मिठाचा चमचा वजनाला सारखा भरत नाही. टाकीत कॅटफिश किंवा लोच (तळाशी वावरणारे मासे) असतील तर 1 ग्रॅमवरच थांबा. गोगलगायी आणि वनस्पती आधी दुसरीकडे हलवा.

टाकीचंच पाणी मगमध्ये घेऊन त्यात मीठ पूर्ण विरघळवा आणि एका दिवसात तीन हप्त्यांत ओता. खडे थेट टाकू नका, दाट खारं पाणी तळाशी बसतं आणि तळाशी वावरणाऱ्या माशांच्या अंगाला भिडतं.

इथवर सगळ्यांना जमतं. मी फसलो ते पुढे.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. वाचायला सोपं आहे, पण पातळी उतरलेली टाकी समोर असली की हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो. माझ्या टाकीत, लोच असूनही, 60 लीटर पाणी आणि 120 ग्रॅम मीठ होतं. 6 लीटर पाणी उडालं की मी 6 लीटर भरायचो आणि मोठ्या काळजीने त्यात 12 ग्रॅम मीठ घालायचो. असं पाच वेळा केलं. टाकीत 180 ग्रॅम मीठ झालं, म्हणजे लीटरला 3 ग्रॅम, आणि मी मात्र 2 च धरून बसलेलो. हलवायचा आळस केलेल्या वनस्पती आधी काचेसारख्या पारदर्शक झाल्या, मग चिकट होऊन गळल्या. लोच एका कुशीवर पडलेले. आजारच बळावलाय असं समजून मी आणखी मीठ घालणार होतो.

तेव्हापासून मीठ घालायच्या दिवशीच काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारतो. पाणी आपोआप रेघेखाली गेलं तर क्लोरीन काढलेलं साधं पाणी भरायचं, मिठाचा कणही नाही. बादलीने पाणी काढलं, तर ते जेवढं मीठ घेऊन गेलं तेवढंच परत: 15 लीटरला 30 ग्रॅम. हवेने नेलेलं पाणी बिनमिठाचं, बादलीने काढलेलं मिठाचं. या दोन गोष्टींची गल्लत करणारे सल्ले मी आजही वाचतो आणि वैतागतो.

मासा हिंडू-खाऊ लागला की मीठ उतरवायचं, पण एका झटक्यात नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाव टाकी साध्या पाण्याने बदला. 2 ग्रॅमचे 1.5 होतात, मग 1.1, मग 0.8. चौथ्या बदलानंतर 0.6 च्या आसपास येतं, तिथे मी हिशोब सोडतो आणि वनस्पती परत लावतो.