कुट्टनाडच्या बदकांतला विषाणू आला कुठून? वंशवृक्ष काढायची माझी पद्धत

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला मी कोंबड्या मारायच्या पथकात होते. देशातला बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक. शेडच्या दारात उभ्या असलेल्या मालकानं मला एवढंच विचारलं, "मॅडम, हा आला कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मनातून गेला नाही, म्हणून मी विषाणूशास्त्राकडे वळले. एम.व्ही.एस्सी.च्या मुलांना जे शिकवते, तेच इथे लिहिते आहे.

आधी प्रश्न ठरवा. "बदकांतल्या विषाणूंची उत्क्रांती" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आपण केरळचं उदाहरण घेऊ. कुट्टनाड म्हणजे तिथला भातशेतीचा पाणथळ भाग. तिथल्या बदकांत २०१४ च्या नोव्हेंबरात एच५एन१ आला आणि २०१६ मध्ये एच५एन८; हे दोन्ही बर्ड फ्लूच्या विषाणूचे प्रकार. जुनाच विषाणू तिथं दबा धरून बसला आणि बदलला, की दुसरा नव्यानं आला?

आता एनसीबीआय आणि गिसएड या जनुकांच्या खुल्या संग्रहांवरून हिमॅग्लुटिनिन जनुकाचे क्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांच्या ओळी, उतरवून घ्या. हिमॅग्लुटिनिन हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, नावातला 'एच' त्याचाच. सुमारे १७०० अक्षरांचं हे जनुक. दोन्ही उद्रेकांचे क्रम तर हवेतच, शिवाय बांगलादेश, चीन, व्हिएतनामचे, आणि २०१६ मध्ये रशिया-मंगोलिया सीमेवरच्या उव्स-नूर सरोवरातल्या रानपक्ष्यांचेही घ्या. मुळाशी ठेवायला ग्वांगडोंगचा १९९६ चा क्रम, एएफ१४४३०५. तो एका पाळीव गूजमध्ये, म्हणजे हंसाच्या जातीच्या पक्ष्यात सापडला होता. आज जगभर पक्षी मारत फिरणारे एच५ जवळजवळ सगळे त्याच घराण्यातले.

क्रमांची नावं लिहिताना जीव ओतून काम करा. रिकाम्या जागा आणि तिरप्या रेघा काढून ठिकाण, पक्षी, वर्ष एवढंच ठेवा. वर्ष नमुना घेतल्याचं, क्रम जमा केल्याचं नाही. मी एकदा तीन क्रमांना जमा केल्याचं वर्ष लावलं होतं. झाड ठीक दिसलं, पण टेम्पेस्टमध्ये (नमुन्याचं वर्ष आणि झालेले बदल जुळतात का, हे दाखवणारा प्रोग्राम) ते तीन ठिपके रेषेपासून दूर पडले आणि चूक सापडेपर्यंत दोन आठवडे गेले.

मग मॅफ्ट या प्रोग्रामनं क्रम एकाखाली एक लावा आणि अलीव्ह्यू या दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अमिनो आम्लांच्या रूपात मधेच थांबा-खूण (प्रथिन इथे संपतं अशी खूण) दिसली तर तीन-तीन अक्षरं वाचायची चौकट सरकली आहे. हिमॅग्लुटिनिन जिथं कापलं जातं, त्या जागेवर थोडं थांबा. सौम्य विषाणूत तिथं साधारण एखाद-दुसरं आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं, त्यामुळे श्वासनलिका आणि आतड्यातलीच विकरं त्याला कापू शकतात. घातक विषाणूत आर्जिनिन-लायसिनची रांगच लागते. मग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतलं फ्युरिन हे विकर त्याला कापतं आणि विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. सौम्य क्रमांत या जागी रिकामी फट दिसेल. ती कचरा समजून कापून टाकू नका.

झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढायला आयक्यू-ट्री हा प्रोग्राम पुरतो. अक्षरं कशी बदलतात याचं मॉडेल त्यालाच निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (प्रत्येक फांदी किती भरवशाची, याची चाचणी) १००० ठेवा आणि ९५ च्या खालच्या फांदीवर निष्कर्ष बांधू नका. झाड दाखवणाऱ्या फिगट्रीमध्ये ग्वांगडोंगच्या गूजवर मूळ धरा.

कुट्टनाडचे दोन उद्रेक दोन वेगळ्या फांद्यांवर जाऊन बसतात: २०१४ चा २.३.२.१सी वर, २०१६ चा २.३.४.४बी वर (हे एच५ घराण्यातल्या फांद्यांचे क्रमांक). या जनुकात वर्षाला साधारण पाच ते आठ अक्षरं बदलतात. दोन वर्षांत एवढं अंतर तुटणं शक्यच नाही. म्हणजे दुसरा विषाणू नव्यानं आला.

इथे बहुतेक मुलं थांबतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. विषाणूचे तुकडे आठ आहेत. प्रत्येकाचं झाड वेगळं काढा. भारतातल्या २०१४-१५ च्या एच५एन१ मध्ये पीबी२ हा तुकडा एच९एन२ या दुसऱ्याच प्रकाराच्या विषाणूचा निघाला. फक्त हिमॅग्लुटिनिन पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. एका पेशीत दोन विषाणू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते, आणि बदक त्याला फार सोयीचं, कारण विषाणू अंगात असूनही ते पुष्कळदा चालतं-फिरतं राहतं. कुट्टनाडात भात काढल्यावर सांडलेले दाणे टिपायला बदकांचे कळप या शेतातून त्या शेतात हाकतात. त्याच पाण्यात स्थलांतरित पक्षीही उतरतात.

दुसऱ्या एखाद्या विषाणूवर, समजा गूज पार्व्होविषाणूवर, काम करणार असाल, तर तो डीएनएचा, जेमतेम ५१०० अक्षरांचा, तुकडे नसलेला. तिथं आधी पुनर्संयोजन, म्हणजे दोन विषाणूंच्या क्रमांचे भाग एकत्र जोडले गेलेत का, ते तपासा, मग झाड.

अहवालात "रशियातून आला" असं लिहू नका. "हाताशी असलेल्या नमुन्यांत सर्वांत जवळचे नातेवाईक उव्स-नूरचे" असं लिहा, आणि मधल्या कोणत्या देशांतले, कोणत्या महिन्यांतले नमुने नाहीत, ते त्याच्याच खाली मांडा.