रंगांचे मॅक्रो फोटो काढताय? या चुका टाळा

दुधाच्या थाळीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकायचे, मधोमध भांड्यांच्या साबणाचा एक टिपका ठेवायचा. बघता बघता रंग असे धावतात, एकमेकांत असे शिरतात, की हातात कॅमेरा आहे हेच विसरायला होतं. पण असे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले, फोटो कॉम्प्युटरवर उघडून पाहावेत, तर डोळ्यांनी पाहिलेलं त्यात काहीच नसतं. कुठे राखाडी दूध, कुठे चकाकणारा पांढरा डाग, कुठे नुसता धूसरपणा. मग माणूस लेन्सला दोष देतो आणि नवीन लेन्सच्या किमती शोधायला लागतो.

थांबा. जेवणाच्या टेबलावर हा उद्योग मी बरीच वर्षं करते आहे, आणि एवढं नक्की सांगते की असे फोटो बहुतेक वेळा थाळीत बिघडतात, कॅमेऱ्यात नाही. म्हणून सुरुवात थाळीपासून करू.

रंग पळतच नाहीत

साबण पडला की त्या जागी पृष्ठताण कमी होतो. आजूबाजूचा पृष्ठभाग मात्र तसाच ताणलेला असतो, तो दूध आणि रंग आपल्याकडे खेचून घेतो. कार्लो मारांगोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावरून याला मारांगोनी परिणाम म्हणतात. हा खेळ चालायला पृष्ठभाग मोकळा हवा. आपल्याकडे दूध आणलं की आधी तापवायचं, ही सवय हाडीमासी भिनलेली. मीही सुरुवातीला तापवून गार केलेलं दूधच घ्यायची. साय काढली तरी गार होताना वर पुन्हा पातळसा पापुद्रा धरतो, डोळ्यांना तो दिसतही नाही. रंगाचा थेंब त्यावर बसून राहायचा आणि साबण टाकला की पापुद्रा फाटून कडेला सुरकुत्या पडायच्या. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. मॅक्रोमध्ये त्या सुरकुत्या चुरगळलेल्या प्लॅस्टिकसारख्या दिसतात.

उपाय सोपा आहे. पिशवीतलं फुल क्रीम दूध न तापवता घ्या. त्यात ६ टक्के फॅट असतं. टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का, त्यात हा खेळ लवकर आटोपतो. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. थाळीत अर्धा सेंटिमीटर थर पुरे. आणि एका दुधात दोन-तीनदाच साबण टाका. सगळीकडे साबण पसरला की ताणाचा फरकच उरत नाही, मग कितीही थेंब टाका, काही हलत नाही. दूध बदला.

सगळं मातकट झालं

हौसेने सात रंग घेतले की हमखास असं होतं. राणी, पोपटी, शेंदरी, जांभळा, मोरपंखी, सगळेच सुंदर, पण जांभळ्यात पिवळा किंवा हिरव्यात लाल मिसळला की चिखल तयार होतो. तीन रंग घ्या, त्यातला एक पांढरा. मोरपंखी, निळा आणि पांढरा. किंवा आंबा, शेंदरी आणि पांढरा. हे रंग एकमेकांत मिसळले तरी मधली छटा स्वच्छ राहते. आणि ढवळू नका. टूथपिकने एक रेघ ओढायची आणि हात मागे घ्यायचा. पहिल्या मिनिट-दीड मिनिटात जे घडतं तेच घ्यायचं असतं, नंतर फक्त मिसळण होते.

रंगपंचमीचा उरलेला गुलाल बरेच जण वापरून पाहतात. तो पाण्यात विरघळत नाही. नुसत्या डोळ्यांना रंग छान दिसतो, फोटोत मात्र वाळू सांडल्यासारखे कण दिसतात.

अॅक्रिलिकवर कातडी धरते

दुधाऐवजी थाळीत नुसते अॅक्रिलिक रंग (पाण्यात कालवायचे, वाळल्यावर प्लॅस्टिकसारखे होणारे) ओतायचे असतील तर त्यांचा दाटपणा नेमका हवा. ताकासारखा पातळ केला तर रंग फिका पडतो आणि कडा विरघळतात, श्रीखंडासारखा घट्ट ठेवला तर तो वाहतच नाही. बासुंदीसारखा हवा: चमच्यातून अखंड धार पडली पाहिजे आणि थाळीत पडल्यावर ती दोन-तीन सेकंदांत सपाट झाली पाहिजे. नुसतं पाणी घालत गेलं की रंगाची पकड जाते, म्हणून पांढरा फेविकॉल आणि पाणी एकत्र करून त्यात रंग कालवा.

आता पंखा. एप्रिलमध्ये छताचा पंखा चालू असेल तर काही मिनिटांतच वर कातडी धरते, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत रंग वाहताना नव्हे तर आक्रसताना दिसतो. पंखा बंद करा, गरम होऊ द्या. रंग आधी वाट्यांमध्ये कालवून झाकून ठेवा, कॅमेरा लावून फोकस करून घ्या, आणि अगदी शेवटी ओता. पुष्कळ जण उलट करतात: आधी ओततात, मग ट्रायपॉड शोधतात.

पेशींसारखी गोल जाळी हवी असेल तर पांढरा रंग गडद रंगाच्या वर ओता, खाली नाही. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायॉक्साइड पाण्याच्या चौपटीहून जड असतं. ते खाली बसू लागतं, आणि वजनाने हलका असलेला खालचा गडद रंग त्याला भोकं पाडत वर येतो. मेक्सिकोचे चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस १९३६ साली न्यू यॉर्कमधल्या आपल्या कार्यशाळेत असेच रंगांवर रंग ओतत होते. पुढे कॅनव्हासवर रंग ठिबकवून गाजलेले अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकही त्या कार्यशाळेत होते. म्हणजे आपण थाळीत करतो त्याला चांगली मोठी परंपरा आहे.

तेलाच्या गोळ्यांमागे टेबलाचे ओरखडे दिसतात

पाण्यावर तेल, खाली रंगवलेला कागद, हा प्रकार सगळ्यात सोपा. चूक एकच होते: काचेचं भांडं थेट कागदावर ठेवलं जातं. मग कागदाचा पोत, ब्रशचे फटकारे, धूळ, सगळं फोकसच्या जवळ येतं. दोन उंच पेल्यांवर भांडं ठेवा, कागद २० ते २५ सेंटिमीटर खाली जाऊ द्या. कागद विरघळल्यासारखा नुसता रंग होऊन जातो आणि तेलाचा प्रत्येक गोळा छोट्या भिंगासारखा तो रंग उचलतो. शेंगदाणा तेलाची पिवळी झाक सगळ्यावर चढते, रिफाइंड सूर्यफूल बरं. खोबरेल नकोच, ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, पुण्याच्या डिसेंबरमधल्या सकाळी तर बाटलीतूनही निघत नाही.

मधोमध पांढरा डाग

ओला रंग म्हणजे आरसा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला की त्याचं प्रतिबिंब थेट फोटोत उतरतं. शिवाय लेन्स इतकी जवळ असते की तिचीच सावली रंगावर पडते. प्रकाश बाजूने आणा आणि मोठा करा. खिडकीला बटर पेपर लावा. बाहेरचा फ्लॅश असेल तर तोही बटर पेपरच्या मागे. प्रतिबिंब पूर्ण जात नाही आणि जायलाही नको. कठीण डागाऐवजी मऊ, दुधट रेघ राहते, तिनेच रंगाला गोलाई येते.

फोनवाल्यांना एक सांगते. बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड वाइड लेन्स वापरतो, त्यासाठी फोन रंगाच्या तीन-चार सेंटिमीटरपर्यंत न्यावा लागतो. सगळा प्रकाश फोनच अडवतो. थोडं लांब राहा, दुप्पट झूम घ्या, स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि नंतर क्रॉप करा.

अर्धा फोटो स्पष्ट, अर्धा धूसर

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो.

१:१ मॅग्निफिकेशनला (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढीच उमटते), एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर, लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.६५ मिलिमीटर जाडीचा असतो. आपलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. म्हणजे कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. आता कॅमेरा फक्त तीन अंश कलला, तर फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. एक बाजू धूसर होणारच.

यावर लोक एफ २२ लावतात. ती दुसरी चूक. १:१ ला लेन्सचा एफ आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो: एफ ८ चा परिणाम एफ १६ इतका, एफ २२ चा एफ ४४ इतका. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, मग सगळाच फोटो मऊ पडतो, थर जाड मिळतो पण धारदार काहीच राहत नाही. एफ ८ ते एफ ११ वरच राहा आणि कॅमेरा थाळीला समांतर करा. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. थाळीच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात आलं की कॅमेरा समांतर. मग आरसा काढा, थाळी ठेवा.

ऑटोफोकस बंद करा. गुळगुळीत रंगावर त्याला पकडायला काही सापडत नाही, ते पुढे-मागे नुसतं चाचपडत राहतं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र (लाइव्ह व्ह्यू) मोठं करा, दोन रंगांची सीमारेषा शोधा आणि फोकसची रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच मिलिमीटरभर वर-खाली करा.

एवढं करूनही धूसर आलं तर रंगाचा वेग बघा. सेकंदाला एक सेंटिमीटर सरकणारा रंग डोळ्यांना संथ वाटतो. १/६० सेकंदात तो ०.१७ मिलिमीटर जातो. २४ मेगापिक्सेलच्या अशाच एपीएस-सी सेन्सरवर १:१ ला हे अंतर चाळीसेक पिक्सेल होतं. १/२५० लाही दहा पिक्सेलचा फराटा राहतो. म्हणून वाहता रंग टिपायला फ्लॅशच खरा: कमी ताकदीवर त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो, तेवढ्यात रंग जागचा हलत नाही.

केस, धूळ, तंतू

डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. याच सेन्सरवर तो अठरा पिक्सेल रुंद दिसतो, एखाद्या दोरीसारखा. थाळी सुती फडक्याने पुसू नका, तंतू सुटतात. धुवा, निथळू द्या, ब्लोअरने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका. टेबल ओल्या कपड्याने आधीच पुसून घ्या आणि त्यावर कोपर टेकवू नका, पृष्ठभागावर लगेच तरंग उठतात.

दूध राखाडी, लाल भगभगीत

दोन उलट चुका आहेत. पांढरं दूध दिसलं की कॅमेरा त्याला राखाडी करू पाहतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या. गडद लाल किंवा राणी रंग असेल तर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, ठीक दिसतो पण लाल वाहिनी, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, एकटीच ओसंडून गेलेली असते. रंगातले बारीक पदर पुसले जातात आणि तिथे नुसता लाल चिकटा दिसतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. आणि घरातला पिवळा बल्ब बंद करा, खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र आले की कुठलाच पांढरा पांढरा राहत नाही.

सगळं आहे, पण फोटो होत नाही

तांत्रिक चूक एकही नसते, तरी नजर कुठे थांबत नाही. फ्रेम काठोकाठ भरलेली असते, हे त्याचं कारण. वासुदेव गायतोंडे यांची चित्रं कुठे पाहायला मिळाली तर समोर बराच वेळ उभे राहा. रोलर आणि नाइफने ते थर चढवायचे, काढायचे. एकाच रंगाच्या कितीतरी छटा, आणि मधे भरपूर मोकळी जागा. थाळीतही तशी जागा शोधा. सगळ्यात जास्त घडामोड चाललेली जागा सोडून तिच्या कडेला या, जिथे एकच पट्टा शांत रंगात शिरतो आहे. माझे स्वतःला आवडलेले बहुतेक फोटो असे कडेचे आहेत.

आवरताना अॅक्रिलिक मोरीत ओतू नका, पाइपात वाळून बसतं. थाळी जेवणाच्या भांड्यांत परत नेऊ नका. तशीच झाकून एक-दोन दिवस ठेवा. पूर्ण वाळल्यावर रंगाचा थर पापडासारखा सोलून निघतो. तो टाकून देण्याआधी खिडकीत उभा धरा आणि संध्याकाळचा तिरका उजेड त्यावर पडू द्या. आता काही हलत नाही, पंखाही चालेल, फोकस थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फोटो काढून ते एकत्र जोडता येतात. ओल्या रंगात न दिसलेल्या भेगा, बुडबुड्यांचे खळगे आणि पांढऱ्याच्या खालून वर आलेला मोरपंखी तेव्हा दिसतो.